विंझरची एक बाटली

उत्रोलीची मंगल चहासुद्धा उभ्यानं प्यायची. चुकून बसलीच तर एक पाय हलत राहायचा, नाहीतर हात पदराच्या टोकाशी चाळा करत राहायचे. सासू साळूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी हाय. हिला स्वर्गातबी बसवायचं न्हाई." मंगल हसायची, आणि हसता हसता भांडी घासायला घ्यायची.

दहावी झाली की लग्न, मग भातशेती, मग दोन मुली. मुली शाळेत जायला लागल्या तशी ती भोरात धनाजीशेठच्या औषधांच्या गोदामात लागली. भोर-वेल्ह्याच्या गावोगावचे मेडिकलवाले फोनवर मागणी सांगायचे. ती मागणी मांडणीवरून काढायची, टेबलावर तपासून खोक्यात भरायची, टेप मारायची आणि जगनच्या टेम्पोत चढवायची. बसून करायचं असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून मंगलला काम मानवलं. सिरपच्या काचेच्या बाटल्या तळाला पुठ्ठ्यात गुंडाळून, गोळ्या वर. फिनेल आणि जंतुनाशकं औषधांच्या खोक्यात कधीच नाहीत. इन्सुलिन फ्रीजमधून अगदी शेवटी काढून थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये. हे सगळं तिच्या हातांना पाठ झालं होतं.

धनाजीशेठ तसे ढिल्या स्वभावाचे, पण दोन गोष्टींवर ते अडून असायचे. माल काढणाऱ्यानं तो भरायचा नाही, दुसऱ्यानं बघून भरायचा. आणि टेबलावर एका वेळी एकच मागणी. मंगल काढायची, शेफाली तपासून भरायची. शेफाली भोरातलीच, कॉलेज सोडून आलेली, तोंडानं बडबडी पण नजरेची पक्की.

भाताची झोडणी चालू होती ते दिवस. शेफाली आतेबहिणीच्या हळदीला गेली होती. दुपारी लाइट गेली आणि पत्र्याच्या शेडमध्ये अंधारून आलं. वेल्ह्याची मोठी मागणी टेबलावर मांडलेली होती. बाहेर जगन टेम्पो चालू ठेवून हॉर्न वाजवत होता. त्याला चेलाडी फाट्याच्या गर्दीत अडकायचं नव्हतं. तेवढ्यात शेठ फोन कानाला धरूनच आतून ओरडले, "मंगल, विंझरच्या सावळारामचा फोन हाय. इन्सुलिनची एक बाटली फक्त. चाळीसची. त्याच टेम्पोत टाक."

चाळीसची आणि शंभरची, इन्सुलिनच्या दोन तऱ्हा. खोकी एकाच कंपनीची, जवळजवळ एकाच रंगाची, आकडा तेवढा वेगळा. शंभरच्या बाटलीत औषध अडीचपट जहाल. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सुई लागते, शंभरच्या बाटलीला केशरी. मंगलच्या घरी साळूबाई रोज लाल टोपणाची सुई घ्यायच्या, त्यामुळं तिला हे काही नवीन नव्हतं.

तिनं फ्रीज उघडला, वेल्ह्याच्या दोन्ही तऱ्हा आणि विंझरची एक असं सगळं एकदमच काढलं, टेबलावर ठेवलं, दोन डबे भरले, टेप मारली. टेम्पो निघून गेला आणि शेडमध्ये शांत झालं.

दुपार कलली तशी लाइट आली. परत आलेल्या बर्फाच्या पिशव्या ठेवायला मंगलनं फ्रीज उघडला आणि तिचा हात थांबला. चाळीसच्या खणात एक खोकं जास्त होतं. शंभरच्या खणात एक कमी. तिनं परत मोजलं. फ्रीज बंद केला, उघडला, पुन्हा मोजलं.

"शेठ, एक बाटली बदलून गेली वाटतं. चाळीसच्या जागी शंभरची."

"कुठं गेली?"

"वेल्ह्याच्या डब्यात असंल. त्यांनीच दोन्ही मागितल्यात."

शेठनी वेल्ह्याला फोन लावला. लागेना. जगनचा लावला, तो रेंजच्या बाहेर. "मेडिकलवाला बघतोच की गं देताना," ते म्हणाले. "आकडा लिहिलेला असतोय. उद्या सकाळी सांगू."

मंगल टेबल पुसायला लागली. पुसलेलंच परत पुसलं. मग टेपचे रोल रचले, तेही परत काढून रचले. साळूबाईंना दुकानदार काही आकडा वाचून दाखवत नाही. पिशवीत घालतो आणि देतो, एवढं तिनं कितीदा पाहिलं होतं.

"मी जाते," ती म्हणाली.

"वेल्ह्याला? स्कूटीवर? दिवस मावळंल तिथं जाईस्तोवर!"

"मावळू द्या. हितं बसून मला काय व्हईल सांगू का? वेड लागंल." चाळीसची एक बाटली बर्फात बांधून तिनं डिकीत टाकली आणि निघाली.

कापूरहोळपर्यंत ती काय बघत होती हे तिला सांगता आलं नसतं. महामार्गावर कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते. नसरापूर ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडं खाचरांत झोडणीचा आवाज, पेंढ्याचा वास, समोर तोरण्याच्या अंगाला उतरतं ऊन. मार्गासनी गेलं, विंझर गेलं. विंझरात सावळारामच्या मेडिकलपुढून ती तशीच पुढं गेली. तिकडं बघायचं तिला सुचलंही नाही.

वेल्ह्याच्या दुकानदारानं डबा तिच्यासमोर फोडला. चाळीसच्या बाटल्या मागितल्या तेवढ्या, शंभरच्याही तेवढ्याच. सगळं बरोबर.

"उगंच आलात की ताई एवढ्या लांब," तो म्हणाला. "चहा सांगू?"

मंगलला आधी हायसं वाटलं, अगदी हसू आलं. मग ते हसू तोंडावरच थिजलं. इथं बरोबर आहे, म्हणजे फ्रीजमधून गेलेली शंभरची बाटली दुसरीकडं आहे. आणि दुसरीकडं म्हणजे एकच जागा.

तिनं दुकानदाराच्याच फोनवरून विंझरला लावला. सावळाराम पुण्याला गेला होता. फोन त्याच्या सुनेनं, शिवानीनं घेतला.

"ती बाटली? ती तर मगाशीच गेली. गेनूबाबांची व्हती ना. त्यांची सकाळीच संपली व्हती, म्हणून मामंजींनी मागवलेली."

"सुई कुठली दिलीस?"

"त्यांच्याकडं हाईत की सुया. नेहमीच्याच, लाल."

"त्यांना फोन लाव. बाटलीला हात लावू नका म्हणावं!"

"त्यांच्याकडं मोबाईल न्हाई, ताई."

परतीचा तो रस्ता मंगलनं कसा कापला, ते तिलाच ठाऊक. शिवानी दुकान बंद करून रस्त्यावर उभीच होती; वरची वाडी लांब, आणि तिच्याकडं ना गाडी ना पाठवायला माणूस. ती मागं बसली आणि दोघी वरच्या वाडीकडं निघाल्या. चढावर स्कूटी ओढेना तेव्हा ती तिथंच टाकून पळाल्या.

गेनूबाबा ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलत होते. म्हातारा बरा दिसत होता. त्यांच्या पत्नी अंबूबाई चुलीपाशी होत्या. त्यांच्याकडं फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली गार पाण्याच्या मडक्यात ठेवलेली असायची.

"आजी, बाबांना सुई दिली का?"

"आत्ताच की. भाकर व्हतीया, आता जेवतील. तुमी कोण?"

मंगलनं मडक्यातली बाटली काढली. तिच्यावर शंभर लिहिलं होतं.

"आजी, गूळ द्या. साखर असली तर पाण्यात ढवळा. आत्ता द्या, भाकरीची वाट बघू नका."

"साखर? आवो, त्यांना साखरंचाच रोग हाय! डॉक्टरनं बंद केलीया!"

"आज द्यायची. चूक माझी झालीया, आजी. बाटली चुकीची आली. औषध जास्त गेलंय अंगात."

अंबूबाईंना ते पटेना. ही कोण कुठली बाई संध्याकाळची घरात शिरते आणि मधुमेहाच्या म्हाताऱ्याला गूळ चारा म्हणते! शिवानीनंच मग डबा शोधला आणि म्हाताऱ्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला. गेनूबाबांनी मात्र तक्रार केली नाही. कित्येक वर्षांनी गूळ मिळत होता. ते आनंदानं चघळत राहिले. शेजाऱ्यानं जीप काढली.

जीप वेल्ह्याच्या वाटेला लागली आणि बाबांना घाम फुटला. हात कापायला लागले. ते मंगलला आपली मेलेली बहीण समजून काहीबाही बोलायला लागले. खाचरात पाणी सोडलंस का, असं तिला रागानं विचारायला लागले. "सोडलंय," मंगल म्हणत होती आणि साखरेचं पाणी त्यांच्या ओठाला लावत होती. "सोडलंय, दादा. तुमी प्या."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिलं होतं? कुणी दिलं?"

"बाटली शंभरची, सुई लाल. म्या पाठवली. गोदामातनं," मंगलनं एका दमात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि ग्लुकोजचं सलाइन लावायला घेतलं. नंतर त्या एवढंच म्हणाल्या की गूळ दिला नसता तर वाटेतच शुद्ध गेली असती.

बाबांना रात्रभर तिथं ठेवलं. मंगलही थांबली. बाकड्यावर नाही, दारात उभी. सकाळी बाबांनी चहा मागितला, आणि बिनसाखरेचा मिळाला तेव्हा चिडले. त्यांची चिडचिड ऐकून मंगलला रडू आलं.

धनाजीशेठ सकाळीच जीप घेऊन आले होते. काल फोन कानाला धरून 'त्याच टेम्पोत टाक' म्हणाल्याचं त्यांना आठवत असावं. ते आधी अंबूबाईंच्या पायाशी वाकले. अंबूबाई फुरंगटून बसल्या होत्या. "माझी भाकर चुलीवर जळली," त्या म्हणाल्या. "आणि हिनं म्हाताऱ्याला गुळाची चटक लावली."

त्याच आठवड्यात गोदामात दुसरं टेबल आलं. शंभरच्या बाटल्यांना शेडच्या दुसऱ्या टोकाला वेगळा छोटा फ्रीज आला. शेफाली सुट्टीवर असली की शेठ स्वतः तपासायला उभे राहायचे, आणि तेवढं होईपर्यंत टेम्पो दारात थांबायचा. जगन कुरकुरायचा, कुणी ऐकायचं नाही.

शेठनी मंगलला सांगून पाहिलं, "तू आता बिलाच्या कॉम्प्युटरवर बस. जबाबदारीचं काम नको, जीव थोडा थंड कर." ती बसली. समोर पडदा आणि पाठीमागं मांडणी. टेबलावर टेप ओढल्याचा आवाज आला की ती मान वळवून बघायची: काय भरलं, कुणाचं, कुणी बघितलं? खुर्चीवर तिला घटकाभर चैन पडेना. आठवडा संपायच्या आत ती उठून शेठपुढं उभी राहिली.

"शेठ, मला परत मांडणीवर घाला."

"भीती न्हाई वाटणार?"

"वाटंल की. पण तिथं वाटली तर हात चालतात. हितं नुसतीच बसून वाटती."

शेठनी होकाराची मान डोलावली. मंगलनं पदर खोचला, आणि शेफालीनं विंझरची मागणी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.