आंधळगावचे भैय्यालालजी आणि न लिहिलेली चाल

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं म्हणजे कोणीतरी गेलं. ते घरात न्यायचं नसतं. दारातच वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची. १९८४ च्या ऑगस्टात शहापूरला माझ्या हाती असं कार्ड पडलं आणि मी ते खिशात घालून सरळ घरात गेलो. आई ओरडली. ओरडू दे. आंधळगावाहून बारा वर्षांत आलेलं एकही कार्ड मी फाडलं नव्हतं.

"भैय्यालालजी गेले. शनिवारी दहावं आहे. शकुनबाई."

भैय्यालालजी माझे गुरू, आणि त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. आंधळगाव काही विलायतेत नाही, दोन एस.टी. बदलल्या की माणूस पोचतो. पण त्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "डाव चालू हाये तोवर भेटाचं नाही. समोर बसलास तं तोंड पाहून चाल समजते." आणि एक डाव संपला की त्याच कार्डावर ते पुढच्या डावाची पहिली चाल लिहीत. भेटायला सवडच ठेवली नाही त्या माणसानं.

आमचं टपाल बुद्धिबळ मंडळ त्यांनीच १९७२ साली उभं केलं. तीन एकर धान, एक पाय लहानपणापासून लुळा, शिक्षण सातवी. घराबाहेर फारसं पडता येत नसे, तर त्यांनी जिल्हा घरी बोलावला. एका कार्डावर एक चाल, चार आकड्यांत. पहिले दोन आकडे म्हणजे मोहरा उठला ते घर, पुढचे दोन म्हणजे बसला ते घर. एक डाव दीड वर्ष चाले.

मी पारावर खेळून शिकलेला. आमच्याकडे राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. पहिल्याच डावात मी ऐटीत तशी उडी लिहून पाठवली. उत्तर आलं, "ही उडी पारावर चालते, पोस्टात नाही. दुसरी लिही. राग आला असंल तं दोन दिवसानं लिही." मला राग आला होता. हे ह्यांना कसं कळलं, म्हणून आणखी आला.

पुढे मी विडी कामगारांचे अर्ज लिहू लागलो. एक चार पानी अर्ज त्यांना दाखवायला पाठवला. परत आला तो नऊ ओळींचा, सोबत चिठ्ठी: "शिव्या काढल्या. मुद्दा ठेवला." त्या नऊ ओळींवर तहसीलदारानं आठ दिवसांत चौकशी लावली. मी शाळा आठवीत सोडली. मला अर्ज लिहायला कोणी शिकवलं असं विचारतात, तेव्हा मी आंधळगावचं नाव घेतो.

एकदा तर आकड्यांची कार्डं पाहून एका पोलीस जमादाराला वाटलं, हा लंगडा टपालानं मटका चालवतो. दारात येऊन गुरकावला. भैय्यालालजींनी त्याला बसवलं, पट मांडला आणि सतरा चालींत मात दिली. "साहेब, आता सांगा, कोणता आकडा लागला?" पुढे तो जमादार मंडळाचा सभासद झाला.

दहाव्याला आम्ही अकरा जण आलो. तिरोड्याहून, साकोलीहून, सायकलीनं, एस.टी.नं. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. गावतळ्याच्या, बोडीच्या काठी विधी चालू असताना आम्ही एकमेकांना अक्षरावरून ओळखलं. "पाय मोडलेला सात तुमचाच ना?" "आणि शाई सांडणारे तुम्ही!" गावकरी बघत राहिले. एक म्हातारा म्हणाला, "अरे बाप्पा, आमी तं याले आकडेवाला म्हणत होतो. एवढा मोठा माणूस होता का?"

"होता," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

घरी फळीवर पट मांडलेला होता, मोहरे त्यांनी स्वतः सागवानाचे कोरलेले. बाजूला एक कार्ड. त्यावर पत्ता होता, वर्ध्याच्या वासुदेवरावांचा. चालीची जागा कोरी.

वर्ध्याच्या मंडळाशी आमचा सामना चालू होता, आणि फक्त हाच डाव उरला होता. जिंकला तर सामना आमचा. चाल मुदतीत गेली नाही तर डाव त्यांचा. मुदत त्या दिवशी संपत होती.

"पत्ता आदल्या दिवशी लिहून ठेवत," त्यांच्या पत्नी शकुनबाई म्हणाल्या. "चाल सकाळी."

ती सकाळ आली नव्हती.

तिरोड्याच्या परसरामनं पट पाहिला आणि माझ्या हातात पेन दिला. "लिही बे. हत्ती आठव्या घरात. शह बसते, मंग वजीर आपलाच. कोणाले समजते?"

मलाही तीच चाल दिसत होती. मी पेन टेकवला.

"काय लिहून राहिले, भाऊ?"

"चाल, वहिनी. त्यायचीच समजा."

शकुनबाईंनी पटाकडे पाहिलं. "ते तं तीन दिवस बसले होते याच्यापुढं. जेवाले उठत नव्हते. तुमाले पाच मिनटात कशी दिसली?"

माझे कान तापले. उत्तर जिभेवर आलं होतं. पण मी पुन्हा पटाकडे पाहिलं, आणि नीट पाहिलं. हत्ती पुढे गेला की मागची रांग उघडी. तिकडून त्यांचा वजीर शिरला की दोन चालीत आमचीच मात. भैय्यालालजींना तीन दिवस तेच दिसत होतं. वाट होती की नव्हती, ते त्यांनाच ठाऊक.

"दुसरी शोधू," परसराम म्हणाला. "अकरा डोसके हायेत आपले."

"अकरा मिळून खेळलो तं त्याले भैय्यालालजी म्हणाचं का?" मी म्हणालो. "त्यायनं आयुष्यात दुसऱ्याच्या डोक्यानं एक प्यादं सरकवलं नाही."

मी लिहिलं, "भैय्यालालजी वारले. चाल ठरली नव्हती. डाव तुमचा, सामनाही तुमचा." खाली सही केली. शकुनबाई म्हणाल्या, "सगळेच करा न जी. समजू दे वर्ध्याले, कोणाचा माणूस होता तो."

छोटं कार्ड, कडेकडेनं सह्या भरल्या. परसराम ओसरीत पाठ करून बसला होता. "अर्ध्या गुणानं हारलो. बारा वर्षांत पहिल्यांदा हाती आलं होतं." शकुनबाईंनीच कार्ड त्याच्यापुढे धरलं.

"आणा इकडं," तो म्हणाला. उरलेल्या बोटभर जागेत त्यानं लिहिलं, "परसराम, तिरोडा. नाराजीनं." मग स्वतःच लंगडणारी सायकल काढून पोस्टाची पेटी उघडायच्या आत कार्ड टाकायला निघाला.