पोच आली, निश्चिंत राहावे

आदिलाबादच्या आमच्या बियाण्यांच्या कंपनीत कपाटाएवढा एक मिनीकॉम्प्युटर आहे आणि त्याला सांभाळणारा मी. दोघांत जास्त जुनाट कोण, यावर ऑफिसात अजून एकमत झालेलं नाही. मालकांचं म्हणणं सरळ आहे, चालून राह्यला ना, मग काऊन बदलायचा? डेपोंच्या मागण्या, गाड्यांची चलनं, हाजरी, सगळं तो बिचारा मुकाट्यानं करतो. फक्त बाहेरचं ईमेल त्याला कळत नाही. त्यासाठी मध्ये गेटवे नावाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. दारावरचा चपराशीच म्हणा ना. बाहेरचं पत्र घ्यायचं, आतल्याला समजेल असं करून आत सरकवायचं, आणि आतलं बाहेर.

गेल्या वर्षी या गेटवेची नवी आवृत्ती आली आणि माझ्या अंगात आलं. सोबतचं माहितीपुस्तक मी घरी आणलं, जेवताना वाचलं, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाजीत मीठ नाई, हे तुमाले अजून समजलं नाई. ठेवा ते पुस्तक बाजूला."

पण नव्या सोयी होत्याच तशा. देवनागरी पत्रं आता जशीच्या तशी आत येणार. आलेल्या पत्राला गेटवे स्वतःहून पोच पाठवणार. आणि नको ती पत्रं दारातच अडवणारी चाळणी! या चाळणीसाठी तर मी नवस बोलायचाच काय तो बाकी होता. कारण आमच्याकडे कागद हातात पडल्याशिवाय पत्र आलं असं कोणी मानत नाही. म्हणून आलेलं प्रत्येक ईमेल आपोआप प्रिंटरवर छापलं जातं. त्यात आमचे डेपोवाले रोज सकाळी ऑफिसच्या पत्त्यावर शुभेच्छा पाठवायचे, वर 'शुभ सकाळ' नाहीतर 'श्री गणेशाय नमः', मग देव, खाली गुलाब. त्या म्हाताऱ्या प्रिंटरला गुलाब काय कळणार? तो एका गुलाबाची चौदा पानं चिन्हं ओकायचा. एकदा बेल्लमपल्लीच्या डेपोनं गणपती पाठवला, तर दुपारपर्यंत गाड्यांची चलनंच निघेनात. मॅनेजरसाहेब तेलुगू माणूस, रागावले की हिंदीत बोलतात. "ये भगवान लोगों को बाहर रोको," म्हणाले.

रोकले. मी नियम लिहिला, ज्या पत्राची सुरुवातच 'श्री', 'शुभ' किंवा 'जय'नं होते, ते अडवून बाजूच्या पेटीत टाकायचं. दुसऱ्या दिवसापासून प्रिंटर शांत. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली आणि मी आठ दिवस ऑफिसात छाती काढून फिरलो. माहितीपुस्तकात ठळक लिहिलं होतं की अडवलेली पत्रं माणसानं रोज एकदा नजरेखालून घालावीत. मी म्हटलं, गुलाब कशाला बघत बसू? हे वाक्य अडाण्यांसाठी असेल.

पोचेचा मजकूरही माझाच. नुसतं 'पत्र मिळालं' मला कोरडं वाटलं. म्हणून लिहिलं, 'आपले पत्र कार्यालयास पोचले आहे. निश्चिंत राहावे.' शेवटच्या दोन शब्दांवर तर मी फार खूश होतो.

आमच्याकडे बदलीच्या दरखास्ती, म्हणजे अर्ज, वर्षातून एकदाच घेतात. बेज्जूरच्या डेपोत एक बाई कारकून आहेत. माझ्यासारख्याच मराठी बोलणाऱ्या, मूळच्या जैनथच्या. त्यांची आई जैनथला एकटी राहते. अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. बाई बेज्जूरला, म्हणजे तीन बस बदलून दिवस घालवायचा तेव्हा आई दिसणार. शेजारीण दोन वेळचं खाऊ घालायची, पण तिलाही सोयाबीनची कामं होती. आदिलाबादला बदली मिळाली तर जैनथहून रोज येणं-जाणं सहज होतं. आणि त्या वर्षी आदिलाबादला एक जागा रिकामी होती.

बाईंचा फोन आला. "भाऊ, दरखास्त घेऊन मीच येऊ का? एक दिवसाची सुट्टी टाकीन."

मी हसलो. हो, हसलो! "काऊन येता ताई? कोणत्या जमान्यात राहून राह्यल्या तुमी? ईमेल करा. दोन मिनिटांत पोच येते."

त्यांनी ईमेल केलं. दोन मिनिटांत पोच गेली. त्या निश्चिंत राहिल्या.

यादी लागली तेव्हा आदिलाबादच्या जागेसमोर बेल्लमपल्लीच्या माणसाचं नाव होतं. मला वाटलं, साहेबांचं काही गणित असेल. संध्याकाळी बाईंचा फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "साहेबांले विचारलं भाऊ. ते म्हणते, तुझी दरखास्त आलीच नाई. पण पोच तर आली होती ना? निश्चिंत राहावे, असं लिहून होतं."

अडवलेल्या पत्रांची पेटी मी जन्मात पहिल्यांदा उघडली. गुलाब, गणपती, कमळं, उगवते सूर्य, आणि त्यांच्या मधोमध बाईंची दरखास्त. सगळ्यात वर मधोमध लिहिलं होतं, 'श्री'. आपल्याकडे लिहितातच. कोऱ्या कागदावर आधी श्री, मग काम. माझे वडील किराण्याच्या यादीवरही लिहायचे. मी माझी वही काढली, जिच्यात तो दिवटा नियम आधी कच्चा लिहिला होता. त्या पानाच्याही डोक्यावर, माझ्याच अक्षरात, श्री! स्वतःच्या नियमानं मी स्वतःलाही दाराबाहेर उभं केलं असतं. आणि पोच? ती तर पत्र दाराशी येताच सुटत होती. चाळणीत त्याचं पुढं काय झालं, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

मी साहेबांपुढे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "लिस्ट तो लग गई. अब वो जगह भर गई. क्या करूँ मैं?"

घरी येऊन मी तोंड पाडून बसलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणेल, जाऊ द्या, चूक होते माणसाकडून. ती म्हणाली, "इथं तोंड पाडून तिच्या मायले कोण उठवून बसवन? रिकामी जागा नसन, तुमची जागा तर हाय ना? तुमीबी कागदावर कारकूनच. आपसात बदली करता येते म्हणत होते तुमी."

खरं सांगतो, मला ते सुचलं नव्हतं. किंवा सुचलं होतं आणि मी त्याला पेटीत टाकून दिलं होतं. बेज्जूर म्हटल्यावर मला जंगल, प्राणहिता नदीकडचा पाऊस आणि न लागणारा फोन एवढंच दिसत होतं. रात्रीतून मी शूर वगैरे झालो नाही. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेव्हा झालो.

आपसातल्या बदलीची दरखास्त मी कागदावर लिहिली. ईमेलचा गुरू मी, तीन बस बदलून बेज्जूरला गेलो, बाईंची सही घेतली, परत येऊन तो कागद साहेबांच्या हातात ठेवला आणि ते वाचेपर्यंत तिथून हललो नाही. कागदाच्या वर श्री होतंच. बाई माझ्या खुर्चीत आल्या. चार दिवस मी त्यांना गेटवे शिकवला. नियम पुसावा का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या, पेटी मी रोज पाहीन."

बेज्जूरला रुजू झालो त्या दिवशी तसं ईमेल मी आदिलाबादला टाकलं. लगेच पोच आली. मजकूर बदललेला होता. 'पत्र दारापर्यंत आले आहे. माणसाने वाचले की कळवू.'

माझे दोन शब्द गेले होते. मला राग आला, मग लाज वाटली. मी डेपोच्या ओट्यावर, जिथं फोनला जरा रेंज येते तिथं, उभा राहिलो. अर्ध्या तासानं फोन वाजला.

"भाऊ, वाचलं," बाई म्हणाल्या. "आणि आई विचारून राह्यली, जेवले का तुमी?"