निवूं दे

वासण्णाचा नंबर फोनवर दिसला तेव्हा मी पोळ्या करत होते. गेल्या चार वर्षांत त्या नंबरावरून फोन यायचा तो फक्त दिवाळीला आणि पोंगलला, आणि दोन्ही सण तेव्हा लांब होते. मी लगेच उचलला नाही. आज बरी आठवण झाली, वाजू दे जरा, असं मनात आलं... लिहायला लाज वाटते, पण आलं हे खरं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पिठाच्या हातानं उचलला. पलीकडे वैनी होती. "सुमे, तुझा अण्णा गेला," ती म्हणाली. सकाळी गाडीखालून उठून अंगणातल्या खुर्चीत बसला, कॉफी मागितली, आणि ती कॉफी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. पहिल्यांदा फोन का उचलला नाहीस, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वासण्णा माझा मावसभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. कुंभकोणमला आमची दोन्ही घरं एकाच गल्लीत. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि तिथलेच होऊन राहिले. घराबाहेर तमिळ, घरात मराठी. पण ती मराठी निघताना जी बरोबर घेतली होती तीच, वर तमिळची फोडणी. गाडीला आम्ही वंडीच म्हणायचो. वासण्णाची वंडी म्हणजे आठशे सीसीची पांढरी, छोटी गाडी. आडुतुरैच्या सरकारी कचेरीत तो बावीस वर्षं त्याच गाडीनं गेला-आला आणि त्या काळात एकाही मेकॅनिकला त्यानं तिचं बॉनेट उघडू दिलं नाही. त्याचं सगळं ज्ञान चुका करून मिळवलेलं होतं आणि ते तो येईल त्याला वाटत असे. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे शेतकरी भाताचा पेंढा सरळ रस्त्यावर पसरतात. त्यावरून गाडी नेली की पेंढा खाली चाकांच्या दांड्याला गुंडाळतो, तापलेल्या सायलेन्सरला चिकटतो, आणि पेटूही शकतो. म्हणून आडुतुरैहून आला की घरात पाऊल टाकण्याआधी हा माणूस कचेरीच्या कपड्यांतच गाडीखाली वाकायचा आणि मूठमूठ पेंढा ओढून काढायचा. शेतं रिकामी झाली की उंदीर ऊब शोधत इंजिनात येतात आणि वायरी कुरतडतात. त्यासाठी तो बॉनेटमध्ये तंबाखूची पानं बांधून ठेवी. ती पानं इंजिन चालू करण्याआधी आठवणीनं काढायची असतात, हे मात्र पहिल्या वर्षी गल्लीभर धूर झाल्यावर त्याला कळलं.

मला त्यानंच शिकवलं. मी एकोणीस वर्षांची, आणि मुलीला हे कशाला, असं माझ्या आईसकट सगळ्यांचं मत. चाकाचे नट गाडी जॅकवर चढवण्याआधी ढिले करायचे, नाहीतर चाक हवेत फिरत राहतं आणि आपण त्याला लोंबकळतो. आवळताना समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाहीत. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढायची आणि बसवताना तीच शेवटी बसवायची. तिच्या टोकांवर पांढरा भुरा चढला तर खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुऊन, कोरडं करून वर व्हॅसलिन. उघडलेले स्क्रू कॉफीच्या पेल्याखालच्या पितळी वाटीत, म्हणजे डबऱ्यात ठेवायचे, जमिनीवर कधीच नाही. वैनीचे किती डबरे या कामी खर्ची पडले, ते तीच जाणे.

एकदा वैनीला घेऊन आम्ही तिरुक्करुगावूरच्या देवीला निघालो होतो, लेकरासाठी नवस बोलायला. नवस फळला नाही, ती गोष्ट वेगळी. वाटेत इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला, वासण्णानं गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं. मी पुढे होऊन, आता आपल्याला सगळं येतं या तोऱ्यात, रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. त्यानं माझा हात झटकला, पण झाकण तोवर थोडं फिरलं होतं. उकळतं पाणी उसळलं ते त्याच्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. तो ओरडला नाही, मला रागावलाही नाही. वैनीनं ओला पदर हातावर धरला होता, आणि तो मला सांगत होता, "निवूं दे आधी. निवल्यावर, ओलें फडकें धरून, थोडें फिरव, वाफ जाऊं दे. अप्पुरम काहाड." अप्पुरम म्हणजे नंतर. आम्ही रस्त्याच्या कडेला पाऊण तास बसलो, गाडी निवेपर्यंत. तो डाग त्याच्या हातावर शेवटपर्यंत होता, आणि 'निवूं दे' हा शब्द आमच्या घरात रेडिएटरपासून भांडणापर्यंत सगळ्याला लागू झाला.

ऑइलचा नियम मात्र उलटा. ते निवू द्यायचं नाही. दहा मिनिटं गाडी फिरवून आणायची आणि जुनं ऑइल गरम असतानाच काढायचं. गार झालं की घाण तळाला बसते, वरचं तेवढं वाहून जातं आणि आपल्याला वाटतं साफ झालं. बूच काढलं की तो शेजारी खुर्ची टाकून बसायचा, शेवटचा थेंब पडेपर्यंत. त्याआधी एक काम न चुकता करायचा: किल्ली काढून घ्यायचा आणि कागदाची चिठ्ठी सुतळीनं स्टिअरिंगला बांधायचा, कारण ऑइल नसताना कुणी इंजिन चालू केलं तर ते मिनिटांत जातं. वैनीला देवनागरी येई, म्हणून चिठ्ठी मराठीत. 'ऑइल काहाडलें अहे. वंडी चालूं करूं नको.' शब्द कायम हेच. माझी शाळा तमिळ, देवनागरी अक्षरं मी त्या चिठ्ठ्यांवरूनच गिरवली आहेत.

मग मी लग्न होऊन पुण्याला आले. पहिल्याच आठवड्यात बैठकीत पाहुण्यांसमोर म्हणाले, "मज भूक लागली अहे." सगळे हसले. किती गोड बोलते, म्हणाले. त्या गोड शब्दाचा मी जो धसका घेतला तो पुढची तीस वर्षं. एकेक शब्द घासून काढला. इतका, की वर्तमानपत्राच्या पुरवण्यांत लिहू लागले, आणि मूळची कुठली असं कुणी विचारेनासं झालं. याचा मला अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर वासण्णानं गाडीविषयी जे जे कळलं होतं ते एका वहीत लिहून काढलं, आणि कुणाला दाखवण्याआधी मला पाठवलं. मी त्यातला रेडिएटरचा भाग एका पुरवणीत छापून आणला. आणण्याआधी सुधारला. 'निवूं दे' काढून 'थंड होऊ द्यावे' केलं. वंडीची गाडी केली, काहाडची काढ केली, सगळे अनुस्वार पुसले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्याला अंकाबरोबर त्याची पानंही परत पाठवली, लाल शाईनं खुणा केलेली, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्या लक्षात राहील. शाळामास्तरीण झाले मी, ज्यानं मला अक्षरं दिली त्याची.

आठवड्यानं त्याचा फोन आला. "रोंब नल्ला इरुक्कु मा," म्हणाला. खूप छान झालंय गं. तमिळमध्ये... आम्ही दोघं जन्मात कधी एकमेकांशी तमिळ बोललो नव्हतो. ते दुकानदाराशी बोलायचं, कंडक्टरशी बोलायचं. मला वाटलं, रागावला आणि मला घराबाहेर काढलं. पुढचे सगळे फोन तमिळमध्येच. तब्येत, पाऊस, ठेवू का. मलाही राग आला. मीही विचारलं नाही. त्यानंच शिकवलेलं मनाशी घोकत राहिले, निवूं दे... अशी चार वर्षं गेली.

तेराव्याला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. ज्यांच्या गाड्यांखाली तो उभा जन्म फुकट लोळला ते सगळे जेवायला होते, आणि एकजण पान लावता लावता वैनीला सांगत होता की हे डबडं आता भंगारात काढा. एका कोपऱ्यात बसून मी वैनीला विचारलं, शेवटपर्यंत माझ्यावर राग होता का त्याचा? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"राग कसला? तुजशी मराठी बोलायला भीत होता तो. म्हणे, माझें सगळें चुकतें, सुमी हसेल."

ज्या बैठकीत मला हसले होते, त्याच बैठकीत मी त्याला नेऊन बसवलं होतं. आणि नियमही चुकीचा लावला. हे रेडिएटरचं काम नव्हतं, ऑइलचं होतं. गरम असतानाच, त्याच आठवड्यात, गाडीत बसून जायला हवं होतं. मी गार होऊ दिलं, आणि घाण तळाला बसली.

पाहुणे गेल्यावर वैनी म्हणाली, वंडी तशीच अहे, कोणी हात लावला नाही, तूं पुरें कर. खुर्चीही तिथंच होती. काळ्या ऑइलचं घमेलं तिनं भिंतीकडे सरकवून ठेवलं होतं. डबऱ्यात त्यानं बूच पुसून ठेवलेलं, त्याच्याशेजारी नवा तांब्याचा वॉशर, कारण वॉशर दरवेळी नवा. जुनी साडी नेसून मी गाडीखाली शिरले. बूच आधी बोटांनी बसवलं, मग पान्यानं थोडंच आवळलं, ताकद न दाखवता. नवं ऑइल ओतलं, थांबले, डिपस्टिक पुसून पाहिली, आणखी थोडं ओतलं. हात काही विसरले नव्हते. वैनीनं किल्ली आणून दिली आणि म्हणाली, आतां ती चिठ्ठी सोड.

मी दार उघडून आत बसले. चिठ्ठी स्टिअरिंगला सुतळीनं बांधलेली होती, त्या सकाळी त्यानं बांधलेली. गाडी चालू करायच्या आधी मी ती वाचली. 'ऑइल काढले आहे. गाडी चालू करू नये.' मी पुन्हा वाचली, अक्षर अन् अक्षर. त्यात एकही चूक नव्हती.