साइड स्टँड रुततं का?

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. माणसं मला नीट आठवतात, ऊनही आठवतं. पण कोण काय म्हणालं आणि त्याला मी मागाहून काय जोडलं, याची खात्री देता येत नाही. बायको म्हणते, "तुमचा किस्सा दर वेळी थोडा सरकतो." असेल. डांबराच्या कामावरच्या गोष्टी साठतातच अशा. रस्त्याकडेला खडीचा ढीग पडलेला असतो ना, तशा. कोणी टाकला ते कुणाला ठाऊक नसतं, कोणी उचलतही नाही. एक उपसायला जावं, तर खालून आणखी दोन निघतात!

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होतो. उन्हात डांबर कसं मऊ पडतं, यावर माझी पीएच.डी. निवृत्त होऊन बारामतीत राहायला आलो आणि वाटलं, सुटलो. तर एके दिवशी दारात हमीदभाई मुलाणी उभे! इंदापूरचे. बंगल्यांपुढच्या वाटा, मंगल कार्यालयांच्या पार्किंगच्या जागा, कारखान्यांची आवारं डांबरी करून द्यायचा त्यांचा धंदा. मागं त्यांचा रोलर चालवणारे सोपानतात्या, निरवांगीचे.

"सर, तुमी डांबराचे डॉक्टर म्हणं."

"तसं म्हणतात खरं."

"मग आमचा पेशंट बघा."

पेशंट म्हणजे एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्याचं, कामगारांच्या मोटारसायकली लावायचं आवार. आदल्या उन्हाळ्यात तिथं भर दुपारी एका गाडीचं साइड स्टँड मऊ डांबरात रुतलं. ती कलंडली शेजारचीवर, शेजारची तिच्या शेजारचीवर, आणि शिफ्ट सुटली तेव्हा अख्खी रांग आडवी! ते काम दुसऱ्या कुणाचं होतं. आता ते नव्यानं करायचं हमीदभाईंनी घेतलं होतं आणि मॅनेजरला शब्द देऊन बसले होते: मे महिन्यात एक जरी स्टँड रुतलं, तर सगळं उखडून पदरमोड करून परत टाकून देईन.

"आणि तशी वेळ आली तर?" मी विचारलं.

"तर रोलर इकायचा. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

तात्या म्हणाले, "रोलरबरोबर मला बी इका. दुसऱ्याच्या रोलरवर मला झोप येत न्हाय."

"ह्या रोलरवर तरी कुठं जागं असता, तात्या!"

दोघं हसले. मला हसू येईना. मी कुठलं डांबर, कसली खडी, किती दाबायचं, सगळं ठरवून दिलं. नेहमीपेक्षा घट्ट प्रतीचं डांबर घ्यायला लावलं. थंडी सरता सरता आवार तयार झालं. हमीदभाईंनी विचारलं, "टिकंल ना सर?"

"बहुधा."

"सर, ह्यो बहुधा डांबरात किती मिसळलाय?"

*

मे उजाडायला वेळ होता. घरी बसवेना, म्हणून मी हमीदभाईंच्या बाकीच्या कामांवर जाऊ लागलो. वरकुट्याला एका बागायतदाराच्या बंगल्यापुढची वाट होती. तात्यांनी ती आरशासारखी दाबली. डांबर अजून गरम, आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून थेट त्यावरून बंगल्याच्या पायरीपर्यंत चालत आली!

खुरांचे ठसे असे खोल, की मी डोक्याला हात लावला. हमीदभाई घाईनं म्हणाले, "मालक, अजून ऊब हाय, आत्ता दाबून काढतो."

तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या. ठशांकडं बघितलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि हात जोडले. "हात लावू नका! लक्ष्मी आपल्या पायानं घरात आलीया."

"अवो वहिनी, पाणी साठंल त्यात."

"साठू द्या. चिमण्या पितील."

ठसे तसेच राहिले. पाणी खुरातून आत जाईल, थर सुटेल, अशी काळजी मी महिनाभर केली. महिन्यानं शेजारच्या बंगल्यातून हमीदभाईंना निरोप आला: "आमच्या बी दारात डांबर टाका. पण म्हशीसकट!"

*

मग ते मंगल कार्यालय. पार्किंगवर वरून पातळ काळा हात मारायचा होता. हमीदभाई बजावून थकले, की लग्नाला अवकाश ठेवा, वाळू द्या. मालक म्हणाले, "ऊन काय थोडंय? तासाभरात वाळतंय!" उन्हानं डांबर वाळत नाही, उलट पाघळतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण आपलं कोण ऐकणार, असं वाटून मिटलं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या मुहूर्ताला नवरदेव गाडीतून उतरला. वाजंत्री जोरात. दोन पावलं टाकली आणि तिसरं पाऊल आलं ते नुसत्या मोज्याचं! मागं बघतो तर बूट जागच्या जागी उभा. दुसरा पाय नेटानं ओढला, तोही तसाच आला. मुहूर्त टळू नये म्हणून मामांनी त्याला उचलूनच मांडवात नेलं.

आता नवरीच्या बहिणींची पंचाईत. बूट लपवायचे आणि सोडवायला मान मागायचा, हा त्यांचा हक्क! लपवणार काय? पण धाकटी वस्ताद होती. लग्न लागल्याबरोबर नवरदेवापुढं हात पसरून उभी राहिली.

"भावजी, आमचा मान."

"कसला मान? बूट तुम्ही कुठं लपवलेत?"

"आमीच लपवलेत! जावा की, आणा काढून!"

सगळा मांडव हसत होता. हमीदभाईंची माणसं रॉकेलच्या बोळ्यानं वऱ्हाडाचे तळपाय पुसत होती, तीही हसत होती. मी मात्र कोपऱ्यात बसून विचार करत होतो, की मार्चात बूट सुटत नाहीत, तर मे महिन्यात स्टँडचं काय होईल? तो थर वेगळा, हा थर वेगळा, हे मीच आयुष्यभर शिकवलं होतं. पण भीतीला कुठं वर्गात बसवता येतं!

*

बारामतीत एका सोसायटीचा आतला रस्ता होता. रोलरच्या चाकाला डांबर चिकटू नये म्हणून त्यावर सतत पाणी सोडावं लागतं. ऐन दुपारी टाकीतलं पाणी संपलं आणि टँकर येईना. रस्ता गार व्हायच्या आत दाबायला हवा होता. तात्या तरातरा समोरच्या रसवंतीत गेले आणि दोन माणसांच्या हाती पिंपभर पाणी घेऊन आले. टाकीत ओतलं, रस्ता दाबला, काम फत्ते.

दोन दिवसांनी सोसायटीच्या चेअरमनचा फोन. "मुलाणी, रस्त्याला मुंग्या लागल्यात! या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

आम्ही गेलो. खरोखरच! काळ्या रस्त्यावर काळ्या मुंग्या, म्हणजे रस्ताच सरकतोय असं वाटावं. तात्यांनी आणलं होतं ते रसवंतीतलं पेले विसळायचं पाणी!

चेअरमन लालबुंद. हमीदभाई खाली वाकले, एक मुंगी बोटावर घेतली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "साहेब, ह्या उगंच येत न्हाईत. माल चांगला आसंल तरच येत्यात!"

*

एप्रिल लागला आणि माझा धीर सुटला. रोज जेवण झालं की छत्री, काठी घेऊन रिक्षानं एमआयडीसीत जायचं, कारखान्याच्या आवारात उभं राहायचं आणि जमिनीकडं बघायचं. बायको म्हणायची, "लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात. आमचे हे एमआयडीसीत!"

गेटवरचा वॉचमन बरेच दिवस नुसता बघत होता. एकदा जवळ आला, मला हाताला धरून केबिनच्या सावलीत बसवलं. म्हणाला, "आजोबा, एक इचारू का? रागावणार न्हाय ना?"

"विचारा."

"हितं तुमचं रान हुतं व्हय?"

मला आधी कळेना. मग कळलं! एमआयडीसीत जमीन गेलेला कुणी म्हातारा रोज येऊन आपल्या मातीकडं बघत उभा राहतो, असं त्याला वाटत होतं. ही बातमी आतपर्यंत गेली होती. आतून एक बाई आल्या, मायेनं म्हणाल्या, "जीवाला लावून घेऊ नका बाबा. आमचं बी गेलंय."

मी खुलासा करणार होतो. अगदी तोंडापर्यंत शब्द आले होते. पण तोवर ताक आलं. थंडगार, जिरं घातलेलं. पिऊन झाल्यावर खुलासा करणं बरं दिसेना!

*

खरी अडचण वेगळीच होती. आवार टिकतंय की नाही, हे मला कळायलाच मार्ग नव्हता! आदल्या वर्षी रांग पडल्यापासून कामगारांनी धसका घेतलेला. प्रत्येकाच्या डिकीत फरशीचा तुकडा. गाडी लावली, की तुकडा आधी खाली, मग त्यावर स्टँड. नव्या डांबराला एकाही स्टँडचा स्पर्श होत नव्हता.

एका पोराला मी विनवलं. "अरे, एकदा फरशीशिवाय लावून बघ. हे डांबर वेगळं आहे. मी स्वतः ठरवलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं.

"आजोबा, तुमच्या डांबरावर माझा पुरा विश्वास हाय. पण गाडी सासऱ्यानं दिलीया!"

*

आणि मग मे महिन्यातली ती दुपार. मॅनेजरसाहेबांनी स्वतःच हमीदभाईंना बोलावलं. म्हणाले, "मुलाणी, फरशीवर सगळ्याच गाड्या उभ्या राहतात. मला डांबरावर उभी राहिलेली दाखवा. सगळ्यांसमोर. आत्ता."

ऊन असं, की आवारावरची हवा थरथरत होती. अर्धा कारखाना सावलीत येऊन उभा. हमीदभाईंनी आपल्या वडलांची जुनी, जड बुलेट आणली. तात्यांनी तिला दोन्ही बाजूंनी भरलेले दुधाचे कॅन बांधले. मी झेंड्याच्या खांबाला धरून उभा होतो, खांब तापलेला आहे हेसुद्धा मला कळत नव्हतं. डोळ्यांपुढं फक्त रोलर येत होता, कुणीतरी परका माणूस तो चालवत नेतोय आणि तात्या मागं रस्त्यात उभे आहेत, असा.

हमीदभाई गाडी ढकलत आवारात आले. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"हितं लावू?"

"हितं नगं," तात्या म्हणाले. "जरा खांबाच्या डावीकडं घ्या. आजून थोडं. हां. बास!"

हमीदभाईंनी स्टँड पाडलं आणि गाडी सोडली. हमीदभाई म्हणाले, "साहेब, च्या सांगा की." चहा आला. सगळ्यांनी उभ्याउभ्या प्यायला. चहा संपला. मॅनेजरसाहेब भर उन्हात गुडघ्यावर बसले आणि स्टँडखाली बघितलं. बोट फिरवलं. चटका बसून काढून घेतलं.

नखाएवढंसुद्धा रुतलं नव्हतं!

"मुलाणी, मानलं!" साहेब उठत म्हणाले. टाळ्या पडल्या. हमीदभाईंनी माझा हात धरला, "सर, तुमचा बहुधा लई घट्ट निघाला!" तात्या तेवढ्यात जाऊन गेटबाहेर आणून लावलेल्या रोलरच्या सावलीत झोपलेसुद्धा.

रोलर वाचला. मला आयुष्यात स्वतःबद्दल क्वचितच खात्री वाटली असेल, ती त्या दुपारी वाटली. पुढं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मी हा प्रसंग खडीच्या प्रमाणासकट सांगितला. काहींनी लिहूनही घेतला. कामगार मात्र फरशीचे तुकडे वापरतच राहिले. सवय ती सवय.

बरीच वर्षं गेली. हमीदभाई मुलीकडं सोलापूरला राहायला गेले. तात्या निरवांगीत नातवंडं सांभाळतात, हल्ली त्यांना ऐकू येत नाही. परवा त्या कारखान्यातून फोन आला. तोच वॉचमन, आता सुपरवायझर झालेला.

"आजोबा, तुमाला ह्या आवाराची खडान्‌खडा माहिती. हितं पाणी तुंबलंय. गटाराच्या चेंबरवर झाकायला लोखंडी ढापा हुता, डांबर टाकल्यापास्नं गावंना झालाय. जरा येऊन सांगता का?"

मी गेलो. ढाप्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. काठी आपटत आवारभर फिरलो. ठप. ठप. ठप. सगळीकडं तोच आवाज, भरीव. तो मागं कुदळ घेऊन येत होता. झेंड्याच्या खांबापाशी पोचलो, तात्यांनी बुलेट लावायला सांगितली होती तसा डावीकडं वळलो, आजून थोडं पुढं सरकलो आणि काठी आपटली.

टण्ण!

"गावला!" तो ओरडला.