तांडेल तळ्यावर जातो

तय्यब तांडेलाच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला समुद्र बंद केला. विडी बंद म्हणाले, ती बानूनं त्याच दिवशी चुलीत घातली. पण समुद्र कुठल्या चुलीत घालायचा? होडी लेकाच्या, फैसलच्या हाती गेली आणि ज्याच्या एका हाकेनं मालवणच्या किनाऱ्यावरचे खलाशी धावायचे, तो तांडेल, होडीचा म्होरक्या, पडवीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा बघत बसू लागला. हसणं गेलं, भांडण गेलं. ताट पुढं सरकवलं तर चार घास खायचा, तेही मुकाट्यानं. आता मालवणातल्या माणसानं जेवणाला नाव ठेवलं नाही की समजावं, काहीतरी भलतंच बिघडलंय! बानू धास्तावली. तिला आपला भांडखोर नवरा परत हवा होता, दुसरं काही नको.

शेवटी तिनं सत्यवानाला फोन लावला. सत्यवान हा तय्यबचा जुना खलाशी. गुडघे गेले तसा होडी सोडून बायकोच्या, यशोदाच्या गावात, आत डोंगराकडे तळ्याकाठी जाऊन राहिला होता.

"भावजी, तुमच्या तांडेलाक एक दिवस पाण्याकडे बसवा. खारा नाय तर गोडा."

"धाडून दे गो. मासे गरवूक बसतलंव दोघव."

तय्यबला हे सांगितलं तर तो म्हणाला, "गोड्या पाण्यातलो मासो? त्यापरास साबण खाईन." तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपली गरी, म्हणजे गळाचा दोरा, घेऊन रिक्षात बसला. बानू डबा घेऊन शेजारी. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. बोललं आणि हा रिक्षा मागे फिरव म्हणाला तर काय घ्या!

तळं मोठं छान होतं. काठाला जांभळीची गर्द सावली, पाणी अगदी गप्प. सत्यवान दोन काठ्या आणि पिठाच्या गोळ्या घेऊन हजर होता. तय्यबनं कमरेवर हात ठेवून पाण्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"आज तिथ खंयची?"

"पंचमी," सत्यवान म्हणाला.

"म्हणजे अजून सुकती आसा. पाणी फिराक नऊ-धा वाजतले. तवसर गरी कोणी टाकूची नाय."

किती दिवसांनी तो असा हुकमी बोलला! बानूला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. सत्यवानानं तर काठी पटकन खाली ठेवली. सुकती म्हणजे ओहोटी, आणि ओहोटीत मासा आत येत नाही, हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक. तिघंही जांभळीखाली बसली.

ऊन वर चढलं. खंड्यानं समोरच्या समोर दोन मासे उचलले. "तेका काय कळता," तय्यब म्हणाला. सत्यवानानं मान डोलावली. बानूनं जांभळं वेचली, खाल्ली, जीभ जांभळी करून घेतली. मध्येच काठाशी एक चिलापी इतकी जवळ आली की हातानं धरावी. बानूचा हात शिवशिवला, तर तय्यब ओरडला, "गो, थांब! भरती लागांदे!" तीही शहाणी थांबली.

एवढ्यात यशोदा घावण्यांचं ताट घेऊन आली. "काय गावला?"

"खंय काय," सत्यवान म्हणाला. "भरती लागाक होयी मां."

यशोदानं ताट खाली ठेवलं. तिघांकडे एकेक करून पाहिलं. ती डोंगराकडची बाई, तोंडाला येईल ते बोलणारी.

"तळ्याक कसली भरती?"

बानूनं कपाळाला हात लावला. अगो बाई, आपल्याही डोक्यात आलं नाही! आणि आता ह्यांचं काय होणार? समुद्र गेला, तो गेलाच. वर आता परक्या गावात, एका बाईच्या तोंडून अशी फजिती. तय्यबचा चेहरा तांबडा झाला होता. या घटकेला तो उठून रिक्षा बोलवील आणि पुन्हा पडवीतून हलायचा नाही, असं तिला वाटलं.

यशोदा नवऱ्याकडे वळली. "काल सांजचे तुमीच न्हय चार चिलापी घेवन इलास? तेवा खंयची भरती होती?"

"काल तांडेल खंय होतो!" सत्यवान कळवळून म्हणाला. "तांडेल म्हणालो सुकती, तर सुकती. माझी काय टाप आसा?"

तय्यब त्याच्याकडे बघतच राहिला. त्याचे खांदे हलू लागले. बानू घाबरून उठली, छातीला काही झालं की काय! पण नाही, तो हसत होता. छाती दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांतून पाणी काढत, "अरे गाढवा, अरे गाढवा" म्हणत हसत होता. सत्यवान हसला, यशोदा हसली. बानूला मात्र हसू येईना, ती त्याचं हसणंच डोळे भरून बघत राहिली.

मग तय्यबनं डोळे पुसले, काठी उचलली आणि ती यशोदापुढं धरली. जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं त्यानं.

"वयनी, ह्या पाण्याची रीत काय ती आता तूच सांग."

यशोदानं दाखवली तशी त्यानं गोळी लावली, बिस्मिल्ला म्हणून गरी टाकली आणि पाण्यावरची नजर न काढता मागं हात पसरला.

"बानू, भूक लागली गो. काय हाडलंस ता दी."

तिनं भाकरीवर भाजी घालून हातात दिली. एक घास खाऊन तो थांबला.

"ह्येका भाजी म्हणतत? मीठ खंय गेला? गुरां तरी खातली ही?"

"गप खावा," बानू म्हणाली, आणि तिनं आपला भिजलेला चेहरा पदरात लपवला.