साळूबाईच्या पायासाठी

चांदे गावच्या बहिरूनानाला म्हातारपणी कसलं खूळ लागलंय, असं सगळी आळी म्हणायला लागली होती. म्हणणारच की! डेअरीवर दूध घालून आला की हा गडी आपल्याच घराच्या पायरीपुढं बसकण मारायचा. हातात घुर्रर्र करणारं ग्राइंडर, शेजारी पाण्याची बादली, नाकातोंडाला टॉवेल आणि कोपरापर्यंत करडा चिखल. जेवायला दहादा हाक मारा, ओ नाही. मुलगा-सून बावधनला फ्लॅटमध्ये, वरच्या खोल्यांत भाडेकरू, खाली दोघंच नवरा-बायको. अशा माणसानं ओसरीवर बसून सुपारी कातरावी, तर हा दगड घासतोय!

खूळबीळ काही नव्हतं हो. माणूस भ्यालेला होता.

साळूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, जुनी साखर. त्या साखरेनं पायांतली जाणीव पार नेली. तळव्याखाली गार फरशी आहे की तापलेली वाळू, तिला पत्ता लागायचा नाही. गेल्या थंडीत तिचा डावा पाय पायरीच्या ग्रॅनाइटला खरचटला. दुखलंच नाही, तर बघणार कोण? बघेपर्यंत जखम चिघळली आणि करंगळी दवाखान्यात ठेवून यावं लागलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी नानाला बाजूला घेतलं. "आजोबा, या पायाला आता ओरखडासुद्धा नको. पुढच्या वेळी एका बोटावर भागणार नाही. पाय जाईल." बाई शांतपणे बोलल्या, पण नानाच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि खरं दुखणं पुढंच होतं. ती पायरी कुणाची? नानाची. रस्त्याकडची जमिनीची पट्टी विकून हे घर बांधलं, तेव्हा पोराच्या फ्लॅटची फरशी बघून नाना हरखून आला होता. कशा कडा त्या, काटकोनात, सरळसोट! फरशीवाला शेखर बिचारा म्हणालासुद्धा, "नाना, कडा गोल करून देतो. वयस्क माणसं हायेत घरात." तर नाना काय म्हणाला? "गोल नगं. गावठी दिसतंय." झालं. पायरीला धार, ओट्याला धार, खिडकीच्या पट्टीला धार, न्हाणीच्या उंबऱ्याला धार. सगळं घर सुऱ्यांचं करून ठेवलं स्वतःच्या हातानं, आणि आता त्यातच साळूबाई अनवाणी फिरत होती.

अनवाणी का, तर ऐका. डॉक्टरांनी घरात घालायला मऊ चपला दिल्या होत्या. साळूबाईनं त्या दाराबाहेर काढून ठेवल्या.

"घाल की गं बाई! तुज्याच जिवासाठी सांगतुया."

"देवाचं टाक हायेत घरात. त्यांच्या म्होरनं चपला घालून हिंडू? हात-पाय गेलं तरी चालंल, पर ह्ये व्हनार न्हाई."

"आगं, पाय जाईल म्हनल्यात त्या!"

"जाईल तवा जाईल."

आता अशा बाईपुढं माणसानं काय करावं? नानानं हात जोडले, मग आरडाओरडा केला, मग दोन दिवस अबोला धरला. ती हलली नाही. तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, ही चपला घालत नाही ना, मग घरच असं करू की हिला चपला लागायच्याच नाहीत.

शेखरला फोन केला. "येतो की नाना, उद्याच येतो." कसला येतोय! हिंजवडीच्या मोठमोठ्या साइटी सोडून चार कडांसाठी कोण फिरकतंय? वाट बघून बघून नाना रडकुंडीला आला. शेवटी वर राहणाऱ्या ऋषिकेशला त्याची दया आली. पोरगा लातूरकडचा, आयटीत कामाला. त्यानं मोबाइलवरून एक ग्राइंडर आणि डायमंड पॅडचा एक डबा मागवला. भाकरीएवढ्याही नाहीत, तळहाताएवढ्या गोल चकत्या, एका अंगाला हिऱ्याची कच बसवलेली. ग्राइंडरला चिकटवायच्या, कडेवर पाणी सोडत फिरवायच्या. पन्नास नंबर सगळ्यात खरबरीत, तो धार घालवतो. मग शंभर, दोनशे, चारशे असं चढत जायचं, दगड बोटाला मऊ लागेपर्यंत.

"नाना, एक लक्षात ठेवा," ऋषिकेश म्हणाला. "ग्रॅनाइटला पन्नासनं सुरुवात केली तरी चालते. पण टाइलला डायरेक्ट पन्नास लावू नका. वरचं काचेसारखं असतं ना, त्याचे टवके उडतात. टाइलला दोनशेपासून पुढचंच."

"बरं बरं," नाना म्हणाला. त्याचे डोळे डब्यावरच होते.

मग लागला तो कामाला. पहिल्या दिवशी ग्राइंडर हातातून असं उसळलं की साळूबाई आतून ओरडली, "आवं, पान्यात वीज घिऊन काय खेळताय? मला रांडमुंड करायची हाय का?" पण हात हळूहळू बसला. कड गोल झाली की नाही हे बघायला नानाची एक तऱ्हा होती. साळूबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा आणि कडेवरून ओढायचा. एक धागा जरी अडकला तरी पुन्हा बसायचं. पायरी झाली, ओटा झाला, खिडकी झाली. गुडघे सुजले, बोटांची सालं निघाली, खोकल्यानं छाती भरली. तरी आत साळूबाईच्या पावलांचा आवाज आला की याचा हात थांबायचा. आज बघितला का पाय? लागलं नाही ना कुठं? दिवसातून चारदा तो तिला खाटेवर बसवून तळवे उलटे करून बघायचा, आणि ती लाजून पाय ओढून घ्यायची. "सोडा. नवऱ्यानं बायकोचं पाय धरायचं आसत्यात व्हय!"

राहता राहिला न्हाणीचा उंबरा. टाइलचा, वीतभर उंच, आणि सगळ्यात वाईट. रोज पहाटे ओल्या पायानं साळूबाई तो ओलांडायची. त्या दिवशी नाना दुपारीच बसला, पण दोनशे नंबरची चकती झिजून पार गुळगुळीत झाली होती. चारशेनं नुसती चमक आली, धार हटेना. ऋषिकेश म्हणाला, "मागवतो, परवापर्यंत येईल." परवा? आणि उद्या पहाटे ही काय उडत न्हाणीत जाणार होती? ऊन उतरायला लागलं तसा नानाला धीर निघेना. त्यानं डब्यात हात घातला, हाताला पन्नास आला. तोच लावला.

कर्रर्र झालं. टाइलची वरची पांढरी काच फटाफट उडाली. एक टवका नानाच्या कपाळावर बसला. थांबावं की नाही? पण आता कड आणखीच करवतीसारखी झाली होती, ती तशी सोडणार कशी? दात-ओठ खाऊन तो घासत राहिला. टवक्यांच्या खालचा मातकट भाग लागला, तो गोल केला, मग शंभर, मग चारशे फिरवला. अंधारून येता येता लुगड्याचा तुकडा उंबऱ्यावरून सुळकन सरकला. नाना मटकन खाली बसला. संपलं. घरात आता एक धार उरली नव्हती.

त्यानं न्हाणीत बादल्या ओतून चिखल धुतला आणि न्हाणीबाहेरची फरशी झाडायला केरसुणी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ठिवा ती. दिवा लागला."

देव्हाऱ्यापुढं समई लावून साळूबाई उभी होती.

"आगं, टवकं उडाल्यात. झाडून घितो निस्तं."

"दिवेलागनीनंतर केर? लक्ष्मी जाती घरातनं. तुमची आई काय म्हनायची, इसरलात? मी उजाडल्याव झाडती."

खरं सांगायचं तर नानालाही ते पटत होतं. उभ्या आयुष्यात त्यानं आपल्या घरात दिवा लागल्यावर कुणाला केर काढताना बघितलं नव्हतं. त्यात अंग आंबून गेलेलं. त्यानं केरसुणी कोपऱ्यात ठेवली, बॅटरी घेतली आणि गुडघ्यावर रांगत दिसतील तेवढे टवके हातानं वेचले. पांढऱ्या फरशीवर पांढरे टवके, आणि सत्तरीचे डोळे. "आज तरी चपला घाल," तो म्हणाला. साळूबाई नुसती हसली आणि खाटेवर जाऊन आडवी झाली.

पहाटे अंधारातच नाना दूध घालायला गेला तेव्हा ती अजून उठायची होती. परत आला तर दारात रांगोळी होती, आणि आत फरशीवर लाल ठिपके. त्याला वाटलं, पूजेचं कुंकू सांडलं. वाकून बोट लावलं तर ओलं. खाटेपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून देव्हाऱ्यापर्यंत, देव्हाऱ्यापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारातल्या रांगोळीपर्यंत. बिचारीनं अंघोळ, पूजा, चहा सगळं त्याच पायानं केलं होतं. आणि आता ती न्हाणीपाशी वाकून उंबऱ्यावरून हात फिरवत होती.

"आलात? बगा की, लोन्यावानी झालाय! लई झ्याक क्येलंत."

"साळू, पाय दाव."

"आता कशाला? झाडायचं ऱ्हायलंय माजं."

"पाय दाव म्हनतुया ना!"

त्यानं तिला तिथंच खाली बसवलं. डाव्या टाचेत टवका पुरता रुतून बसला होता, पांढरं टोक तेवढं वर. नानानं ते बोटांनी धरलं, बोटं घसरली, पुन्हा धरलं आणि ओढलं. रक्ताची धार लागली. साळूबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखी.

"दुकतंय?"

"न्हाई की."

"दुकू दे गं एकदा!" नाना ओरडला. "एकदा तरी वरड! आई गं म्हन! थंडीत पायरी लागली तवा वरडली असतीस, तर मी कशाला..." तिचा पाय मांडीवर घेऊन तो ढसाढसा रडला. तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा कालचा ओरखडा पुसला.

ऋषिकेशनं ऑफिस बुडवून गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून धुतली, बराच वेळ बघितली. "काय लागलं हे?" त्यांनी विचारलं. ऋषिकेशच म्हणाला, "टाइलचा तुकडा होता." बाई हात धुऊन आल्या. "खोल आहे. औषधं देते, रोज ड्रेसिंगला आणा. पाय राहील की नाही, हे मी आज सांगू शकत नाही." साळूबाई म्हणाली, "आवो बाई, पर मला तर काय बी व्हत न्हाई." बाईंनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली.

घरी आले तेव्हा सांज झाली होती. साळूबाईला खाटेवर बसवून नानानं हात-पाय धुतले आणि समई स्वतः लावली. कापूसवात त्याला नीट जमली नाही, ज्योत तिरकीच लागली. हात जोडले. मग तो वळला आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

"आवं," साळूबाई खाटेवरून म्हणाली. "दिवा लागलाय."

नाना देव्हाऱ्यापासून झाडायला लागला होता.

"आवं, लक्ष्मी जाईल!"

"जाऊ दे," नाना म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "तू ऱ्हा."

केरसुणीखाली बारीक खळखळ ऐकू येत होती. काल बॅटरीनं न दिसलेले टवके फरशीच्या सांध्यांतून, ओट्याखालून, दाराआडून गोळा होत होते. नाना ओणवा होऊन दाराकडं केर लोटत होता आणि मधेच थांबून फरशीवरून तळहात फिरवत होता. केरसुणी खाटेपाशी आली तेव्हा साळूबाईनं पट्टी बांधलेला पाय दोन्ही हातांनी धरून वर उचलला, आणि नानानं खाटेखालचा केर ओढून घेतला.