शुक्रवारची सॉसेजं

कॅनडातल्या आमच्या गावात देवाला घाबरणारे थोडे, पण रोझालियाला घाबरणारे झाडून सगळे. कॅथलिक शाळामंडळाच्या इथल्या शाळेत ती स्वयंपाकीण. मंडळाच्या बाकीच्या शाळा शहरात, शेकड्यांनी मुलं असलेल्या. आमची गव्हाच्या शेतांमधली, तीस-पस्तीस मुलांची. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून दर शुक्रवारी रोझालिया सगळ्यांचे डबे तपासते. हॅम दिसलं की जप्त, बदली अंड्याचं सँडविच. चौदा वर्षांखालच्या मुलांना हा नियमच नाही, असं फादर बिजूंनी एकदा सांगून पाहिलं. केरळातून नवीनच आले होते, म्हणून हे धाडस केलं.

"पोटाला नसेल नियम, फादर," ती म्हणाली, "सवयीला आहे."

फादरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मागच्या वर्षी तर तिनं शाळेच्या बसचा ड्रायव्हर लिअँडर याला खाली उतरवून त्याचं सुकं मांस कचऱ्यात टाकायला लावलं. मुलं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. लिअँडरनं ते मनात ठेवलं.

यंदा मार्चमध्ये बातमी आली की मंडळ आमची शाळा बंद करणार. मुलांनी बसनं शहरात जायचं, दीड तास जाताना, दीड तास येताना. त्याआधी मंडळाचे सदस्य गुरुवारी गावात येऊन लोकांचं ऐकून घेणार होते. रोझालियाची मुलं केव्हाच कॅलगरीला गेली, नवरा देवाघरी. शाळाही गेली तर बाईनं रागवायचं तरी कुणावर, असं आम्ही तिला चिडवायचो. ते खरं होतं आणि तिलाही ठाऊक होतं.

"उपाशी माणूस शाळा बंद करतो," तिनं जाहीर केलं, "जेवलेला जरा विचार करतो."

बुधवारीच तिनं लसूण घातलेली सॉसेजं आणि कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा करून ठेवला. गुरुवारी मात्र असं हिमवादळ आलं की समोरचं चर्च दिसेना. सभा एक दिवस पुढे गेली. रोझालियानं पातेली फ्रीजमध्ये सरकवली आणि दुसऱ्या संध्याकाळी गरम केली.

शाळेच्या हॉलभर लसणाचा वास सुटला होता. जेवणाची प्रार्थना झाली. मंडळाच्या अध्यक्षा कॉन्स्टन्स ड्युबे यांनी सॉसेजला काटा टोचला, तेवढ्यात लिअँडर खाकरला.

"रोझालिया, रागावू नकोस हं. आज वार कुठला गं?"

रोझालियाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"फादर," काटा न काढताच अध्यक्षा म्हणाल्या, "तुम्हाला सूट देता येते ना? बर्फातून दोन तास गाडी चालवत आलोय हो."

"येते की," फादर बिजू उभे राहत म्हणाले आणि रोझालियाकडे बघून खाली बसले. "म्हणजे... येते ना?"

"अजिबात नाही! सहा वर्षांच्या पोरीच्या हातातलं हॅम काढून घेतलंय मी. आता शाळा वाचवायला मंडळाला सॉसेज चारू? ठेवा तो काटा, मॅडम."

संपलं, मला वाटलं. शाळा गेली.

"भूक असेल त्यांनी हात धुवा," रोझालिया म्हणाली. "बटाटे आहेत, पीठ आहे. पिरोगी करू."

पिरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्याच. थोड्या वेळात मंडळाचे सदस्य कोटाच्या बाह्या दुमडून कडा दाबत होते आणि रोझालिया कांदा चिरत त्यांना झापत होती.

"मॅडम, पोट फाडलंत की बिचारीचं! मुरड नीट घाला."

मुरड घालता घालता अध्यक्षांनी विचारलं, "पण खरं सांगा, शहरातल्या आमच्या शाळांत काय कमी आहे? प्रयोगशाळा आहे, व्यायामशाळा आहे."

रोझालियानं भाषण पाठ केलं होतं. तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी डोळ्यांतून पाणीच आलं.

"कांदा आहे," ती म्हणाली.

तिच्याऐवजी लिअँडर बोलला. "माझं मांस हिनं कचऱ्यात घालवलं, मॅडम. राग आहे अजून. पण माझी नात तुमच्या शहरात आली, तर तिच्या डब्यात काय आहे, की काहीच नाही, हे रोज कोण बघेल?"

पुढच्या पिरोगीची मुरड अध्यक्षांनी नीट घातली.

निघताना रोझालियानं सॉसेजं डब्यात भरून अध्यक्षांच्या हातात दिली. "उद्या शनिवार. उद्या खा. वाटेत डबा उघडलात तर मला कळेल."

सोमवारी मंडळात मतदान झालं. दुपारी शाळेत फोन आला, मुख्याध्यापकांनी तो घेतला आणि स्वयंपाकघरात येऊन आम्हाला सांगितलं, "शाळा राहतेय. एक वर्ष तरी. आणि रोझालिया, अध्यक्षाबाईंनी तुला मुद्दाम निरोप दिलाय, डबा शनिवारीच उघडला म्हणून."

रोझालिया स्टुलावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

लिअँडरनं ओट्यावर इकडेतिकडे बघितलं. "काय गं," तो म्हणाला, "आज कांदा कुठं दिसत नाही?"